परदेशी बाय, राहणार लालबाग

बायने मला पार्लरमध्ये कामाला घेतलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. एकोणीस तर केव्हाच सरली. शहाणपण मुळात नव्हतंच, हे कळायला आणखी बराच वेळ गेला. पण तेव्हाचं माझं ध्यान जरा डोळ्यांपुढे आणा. हातात पांढरा रुमाल, खांद्यावर पर्स (आत काही नाही), आणि तोंडात अशी शुद्ध मराठी, की लालबागच्या आमच्या चाळीत मी नळावर तोंड उघडलं की बायका बादली तशीच वाहू देऊन माझ्याकडे बघत राहायच्या. "पाणी इला काय गो?" असं सगळं जग विचारायचं. मी विचारायची, "पाणी आलेलं आहे का हो?"

आईवडील दोघेही कोकणातले. वडील गिरणीत. घरात मालवणी. आई बोलायची मालवणीत, मी उत्तर द्यायची पुस्तकात. "जेवतंस मगो?" "हो, जेवते ना." आई कपाळावर हात मारायची. शेवटी तिनेच मला बायच्या हाती दिलं. "जरा माणसात आण हिका," म्हणाली.

बाय आमच्याच चाळीत तळमजल्याला राहायची. पार्लर मात्र दादरला, शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत. तिथे येणाऱ्या बायका म्हणजे डॉक्टरांच्या बायका, वकिलांच्या बायका, स्वतः प्राध्यापक असलेल्या बायका. मला वाटलं, चला, आता आपण आपल्या माणसांत आलो.

पहिल्याच आठवड्यात एक बाई केस सेट करायला आल्या. मी त्यांच्या डोक्यावर रोलर चढवत होते. त्यांनी आरशातूनच विचारलं, "किती गोड बोलतेस गं. कुठली तू?"

"आम्ही दादरचे," मी म्हटलं. एवढ्यावर थांबावं की नाही? "मूळचे पुण्याकडचे."

मागे बेसिनवर कुणाचं तरी डोकं धूत असलेली बाय तिथूनच ओरडली, "दादरचा कसला ता! लालबागचा चेडू. बापूस तेचो गिरणीत साच्यावर आसा आणि आवस रोज सांजेक बांगडे भाजता. हुंगून बघा, केसाक वास येयत!"

त्या बाईंनी खरंच हुंगलं हो! मी तशीच उभी, हातात रोलर, कानापर्यंत लाल. धक्का असा बसला की पुढचे चार रोलर मी उलटे लावले, आणि त्या दिवशी त्या बाई अर्ध्या कुरळ्या होऊन घरी गेल्या.

हे सगळं अस्सल मालवणीत ऐकवणारी बाय चिनी होती, हे सांगायचं राहिलंच.

तिचे वडील तरुणपणी दक्षिण चीनमधल्या कुठल्याशा समुद्रकाठच्या गावातून बोटीने आले आणि मुंबईत राहिले. दात बसवायचं काम करायचे. आमच्या चाळीत तळमजल्याच्या खोलीत पुढच्या भागात त्यांची ती पायाने वरखाली होणारी खुर्ची, आणि पडद्यामागे संसार. आई कागदाची फुलं करून विकायची. बाय जन्मली परळच्या हॉस्पिटलात, वाढली चाळीच्या व्हरांड्यात. पडद्यामागे ते लोक त्यांची भाषा बोलायचे. दाराबाहेर पाऊल टाकलं की मालवणी. चप्पल बदलावी तशी ती उंबऱ्यावर भाषा बदलायची. आणि आत शिरताना पुन्हा पहिली.

आमच्या घरी सकाळी पेज, सोबत सुका बांगडा किंवा लोणचं. त्यांच्या घरीही सकाळी तांदळाची पेजच, सोबत खारवलेला मासा किंवा खारवलेला मुळा. लहानपणी बाय दोन्ही घरांतली पेज प्यायची, आणि मोठी होईपर्यंत तिला वाटायचं की पेज ही चाळीची आहे, जसा नळ चाळीचा असतो.

तिचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. मालवणीत लाडाने मुलीला बाय म्हणतात, तेच तिला चिकटलं. शिवाजी पार्कच्या बायका तिला 'मॅडम' म्हणायच्या. त्यावर ती ओ द्यायची नाही.

तिच्या पार्लरचे नियम वेगळेच होते. रडत आलेल्या बाईचे केस ती कापायची नाही. कुणी नवऱ्याशी भांडून आली आणि "एकदम बारीक कर," म्हणाली की बाय कात्री खिशात टाकायची. "आधी रड. मगे चाय पी. मगे घराक जा. चार दिवसांनी परत ये, तेव्हा पण बारीक वाटला तर कापतंय." निम्म्या बायका परत यायच्याच नाहीत. धंदा बुडतो असं मी सांगितलं, तर म्हणाली, "आरसो कोणाचो नातेवाईक न्हय. उद्या सकाळी तेच्यासमोर एकट्यान उभा रवाचा लागता." हे वाक्य ती इतक्यांदा बोलायची की मला पाठ झालं होतं. अर्थ आता कळतो. सकाळी उठते, दात ग्लासात, आणि आरसा समोर. नातेवाईक नाहीच तो.

सुंदर दिसण्यावर तिचा विश्वास नव्हता. नीटनेटकं दिसण्यावर होता. एका नवऱ्या मुलीला ती तोंडावर म्हणाली होती, "तू काय सुंदर नाय. पण तुझी मान बरी आसा. मान दाखव." मला वाटलं, आता पार्लरला आग लागणार. ती मुलगी आरशात स्वतःची मान बघत बसली, आणि लग्नात तिने अंबाडा वर घातला. पुढे स्वतःच्या मुलीला घेऊन आली होती. मान दाखवायला.

आता गावाची गोष्ट.

परवा मेलबर्नहून माझी नात फोनवर फुरंगटून बसली होती. वर्गात कुणीतरी तिला विचारलं, तू खरी कुठली? इथली म्हटलं तर म्हणे नाही, खरी कुठली? तिने विचारलं, "आज्जी, मी काय सांगायचं?" मी म्हटलं, सोन्या, हा प्रश्न आमच्या लालबागेत तर रोजच्या भाजीसारखा होता. दोन माणसं भेटली की पहिलं वाक्य, "गाव खंयचा?" नाव नंतर. मुंबईत तीन पिढ्या काढल्या तरी गाव विचारणार, आणि तुम्ही सांगणार. ज्याला सांगता येत नाही तो माणूसच अर्धा.

बायला सांगता यायचं. ती आमचं गाव सांगायची.

नुसतं नाव नव्हे. एका मे महिन्यात आम्ही गावी निघालो, तेव्हा कित्येक वर्षांनी जात होतो. बायने मला वाट सांगितली. "तिठ्यावर उतरल्यावर सरळ जाव नको, थंय आता गडग्यान वाट बंद केल्यानी. वडाकडसून डावीकडे. विहिरीकडे पाय धू, नायतर म्हातारी घरात घेवची नाय." मी गेले तर अगदी तसंच. गडग्याची दगडी भिंत, वड, डावीकडची वाट, विहीर, आणि पाय न धुता आत शिरलेल्या माझ्यावर आजीच्या तोंडाचा पट्टा! परत आल्यावर मी विचारलं, "बाय, तुम्ही आमच्या गावी किती वेळा गेला आहात?"

"एकदाव नाय."

मला वाटलं थट्टा करते. मग तिने सांगितलं. चीनशी लढाई झाली, तेव्हापासून तिला मुंबईबाहेर पाऊल टाकायचं तर सरकारी परवानगी लागायची. कागदोपत्री ती परदेशी. दर वर्षी कचेरीत जाऊन हजेरी लावायची, आपण अजून इथेच आहोत हे सांगायचं. गावी जायला दोनदा अर्ज केला, दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा तिने केला नाही. गाव तिने पुरं तोंडी घेतलं होतं. गावाहून आलेला प्रत्येक माणूस दात दाखवायला वडिलांच्या खुर्चीत बसायचा, आणि ती शेजारी कापूस घेऊन उभी. तोंडात हात असलेल्या माणसाकडून एवढं सगळं कसं कळलं, देव जाणे.

एकदा तिने मला त्या कचेरीत सोबत नेलं. मला आदल्या दिवशीपासून धास्ती. सकाळी तिच्या खोलीवर गेले आणि दारातच थिजले. बाय नऊवारीत! हिरवं लुगडं, नाकात नथ, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. ही नथ माझ्या आईची होती, हेही मला तेव्हाच दिसलं.

"बाय, आपल्याला परदेशी नागरिकांच्या कचेरीत जायचंय."

"म्हायत आसा. बघूंदेत तरी, परदेशी कशी दिसता ती."

तिथे बाकावर बाकीचे लोक कोट घालून बसले होते. आमचा नंबर आला. टेबलामागच्या तरुण साहेबाने मान वर न करताच इंग्रजीत नाव विचारलं. बाय म्हणाली, "मराठीत बोल बाबा, इंग्लिश माका थोडीच येता." त्याने मान वर केली. त्याच्या हातातलं पेन खाली पडलं, ते उचलायला तो टेबलाखाली वाकला आणि तिथे जरा जास्तच वेळ राहिला. वर आला तेव्हा त्याचाही सूर बदलला होता.

"जन्म खंयचो?"

"परळचो."

"रवता खंय?"

"लालबाग."

"मगे तुमी परदेशी कशे काय?"

"ताच तर तुमका इचारूक येतंय दर वर्षी!"

तो हसला नाही. कुठल्याशा कागदावर शिक्का मारला आणि उठून उभा राहिला. बाय बाहेर पडेपर्यंत तो उभाच होता. मी मात्र बाहेर आल्यावर म्हटलं, "बाय, सरकारी माणसाशी असं बोलू नये." त्या वयात मला सरकारची फार काळजी होती.

तिने नथ काढून रुमालात बांधली. "नाकाक लागता गो," एवढंच म्हणाली.

लढाईच्या दिवसांबद्दल ती स्वतःहून बोलायची नाही. मला आईकडून कळलं. त्या दिवसांत तिच्या वडिलांची खुर्ची रिकामी राहिली. चाळीतल्या कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त कुणी दात दाखवायला गेलं नाही. दाढ दुखत असलेली माणसं लवंग चावत त्यांच्या दारावरून जायची. काही महिन्यांनी हळूहळू परत यायला लागली. "आमी तुमका कधी परके मानलाव नाय," असंही म्हणाली. तिचे वडील प्रत्येकाला "आ करा," म्हणायचे. तेवढंच.

पुढे ते वारले. धाकटा भाऊ कॅनडाला गेला, हॉटेल काढलं, बायको केली, बर्फात घर घेतलं. आणि मग एका पावसाळ्यानंतर बायची आईही गेली. खोलीत बाय एकटी उरली. भावाने तिकिटाचं बघतो म्हणून कळवलं. इथे तुझं कोण आहे, म्हणाला. हे बायने मला एका गिऱ्हाइकाच्या डोक्याला पर्मचं वास मारणारं लोशन लावता लावता सांगितलं.

"मग तुम्ही जाणार?" मी घाईघाईने विचारलं. नोकरीच्या काळजीने, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

"देवीक इचारतंय. हो म्हणाली तर रवतंय, नाय म्हणाली तर जातंय."

मी इंटर सायन्स नापास. म्हणजे विज्ञानावर माझी किती श्रद्धा असेल बघा! मी तिथेच, गिऱ्हाइकासमोर, अंधश्रद्धेवर भाषण सुरू केलं. एक बाई पार्लर चालवते, भुवया कोरते, केसांचं रसायन समजते, आणि आयुष्याचा निर्णय फुलाच्या पाकळीवर?

"तुझ्या लग्नाची पत्रिका तुझी आवस घेवन फिरता," बाय म्हणाली. "ता काय विज्ञान? डोळे मीट, लोशन जायत." हे शेवटचं गिऱ्हाइकाला होतं. मीसुद्धा मिटले.

आता ही पाकळीची गोष्ट मुंबईकरांना नीट सांगायला हवी. आमच्या कोकणात गावदेवीला कौल लावतात. पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीला सगळी हकीकत मोठ्याने सांगतो, कोण आलंय, कुणाच्या घरचं, काय मागतंय. जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. मग वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही.

गिरणीत आलेल्या आमच्या लोकांनी डिलाईल रोडला गावाच्या नावाची एक खोली घेतली होती. गावकीची खोली. गावातले एकटे पुरुष तिथे पाळीपाळीने झोपायचे, भिंतीला पत्र्याच्या ट्रंका, वर दोरीवर धोतरं. वर्षातून एकदा त्या ट्रंका बाहेर काढून देवीची पूजा व्हायची. गुरव गावाहून एसटीने यायचा, सोबत देवीपुढचा नारळ. देवी काही एसटीत बसत नाही. म्हणून मुंबईत कौल लावायचा तो त्या नारळाला. त्या दिवशी गावच्या लेकीसुना देवीची ओटी भरायच्या. बाय दर वर्षी हजर. पहाटेपासून खोबऱ्याचं वाटप वाटायची, नारळ सोलायची, वड्याचं पीठ मळायची. ओटीची वेळ झाली की हात धुऊन दाराबाहेर उभी राहायची. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. आणि ये असंही म्हटलं नव्हतं.

त्या वर्षी तिने खण, तांदूळ आणि नारळ सुपात घेऊन गुरवाला सांगितलं, "आज माका ओटी भरूची आसा. पण आधी कौल लावा. देवी घेता काय, ता माका कळूक होया."

खोलीत कुजबूज झाली. गावकीचा कारभारी म्हणजे एक जाडजूड मनुष्य, मिशा आणि छाती एकाच आकाराची. तो म्हणाला, "कौल कित्याक? अगो, तू आमचीच. भर ओटी."

"माका तुमचा मत नको. तिचा होया."

गुरव म्हातारा, काठीसारखा बारीक, चष्म्याला दोरी बांधलेला. त्याने नारळ पाटावर ठेवला, शेंडी वर, आणि नेहमीसारखं विचारलं, "घर कोणाचा सांगू?"

बायने तोंड उघडलं. पण माझी आई तिच्या शेजारीच होती. आईने तिचा हात दाबला आणि डोळे पुसत म्हणाली, "आमच्या घराचा सांगा. माझीच ती."

मी मागे भिंतीशी उभी होते. मला आईचा अभिमान वाटला. एवढा मोठा क्षण, आणि आमचं घर किती उदार! बायचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि बघायला हवा असं सुचलंही नाही.

गुरवाने हात जोडले. "बा देवी माऊली म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"ही जी काय आमच्या गावची, आमच्या घरातली लेक तुझ्या पायाकडे इली आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तिका आपली मानून तिची ओटी पदरात घे. आणि घेतंस तर उजवो कौल दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळावर दोन पाकळ्या, तांबड्या जास्वंदीच्या. कुणी हलेना. वरती पंखा करकरत होता. माझं विज्ञान कुठल्या कुठे गेलं होतं, मी मनातल्या मनात उजवीला ढकलत होते.

डावी पडली.

नुसती पडली नाही हो. टपकन पडली, जणू वाटच बघत होती. माझी आई मटकन खालीच बसली. मला आयुष्यात तोवर असा हादरा बसला नव्हता. गावात लोक कौलापुढे खोटं बोलत नाहीत, कोर्टात बोलतील. देवी नाही म्हणाली म्हणजे नाही. म्हणजे बाय कॅनडाला जाणार. म्हणजे थोड्याच दिवसांत ती खोली बंद, पार्लर बंद, आणि बर्फ.

सगळ्यांत आधी कारभारी सावरला. "पंख्याचो वारो लागलो!" तो गरजला. "वाऱ्यान पडली ती. पंखो बंद करा! गुरवानू, परत लावा!"

दोघांनी बटणाकडे धाव घेतली. आणि तेवढ्यात हसू ऐकू आलं. बाय हसत होती. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मला वाटलं, धक्क्याने वेडी झाली.

"पंखो कित्याक बंद करतास?" ती म्हणाली. "देवी खरा बोलली. ह्या खोलीत पयल्यांदा कोणीतरी माझ्याबद्दल खरा बोलला!"

कुणाला काही कळेना. ती कारभाऱ्याकडे वळली. "आमची, आमची म्हणतास. मी तुमच्या गावची लेक न्हय. हेंच्या घरातली पण न्हय." हे आईकडे बघून, पण मऊ आवाजात. "माका बापूस होतो. तुमच्या देवीपुढे तुमी माझो बापूसच पुसून टाकलास. देवी फसात काय? तुमच्या तोंडातलो तो सोन्याचो दात कोणी बसवल्यान?"

कारभाऱ्याचा हात आपोआप मिशीखाली गेला. दात झाकला त्याने. खोलीत बघितलं तर आणखी चार-पाच हात वेगवेगळ्या गालांवर गेले होते.

"लढाईत तेचा नाव घेवक तुमी भियालास," बाय म्हणाली, "ता मी समजलंय. पण आज कसला भय? तुमका चिनी माणसाची लेक नको, तुमका फुकटची मालवणी होयी. तशी मी नाय. मी दोन घरातली पेज पिऊन वाढलंय. एक सांडून दुसरी पिऊची नाय."

बोलताना तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, आम्हाला रागवायला तरी मिळालं असतं. मी आईकडे बघितलं. आई रडायची थांबली होती. थोबाडीत बसलेल्या माणसासारखी बघत होती, आणि हळूच मान हलवत होती.

गुरव मात्र शांत. त्याने चष्मा पुसला. बहुतेक त्या खोलीत त्यालाच अजिबात धक्का बसला नव्हता. गाऱ्हाण्यात चूक झाली, एवढंच त्याला दिसत होतं. "बरा. बापाशीचा नाव सांग."

तिने सांगितलं.

गुरवाने म्हणून बघितलं. ती म्हणाली, "तसा न्हय." त्याने पुन्हा म्हटलं. "शेवट वर जाता. असो." तो पुन्हा, ती पुन्हा. इथे मी ते नाव लिहीत नाही, कारण मला अजूनही ते नीट म्हणता येत नाही आणि ती वरून ओरडेल. गावाचं नाव तर त्याहून अवघड. पण गुरव सोडेना. जन्मभर त्याने मेलेल्या-जिवंत पिढ्यांची नावं न चुकता घेतली होती, त्यात आणखी एक.

"आणि थंयची देवी कोण?"

हे बायला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "दर्यावरची एक माऊली आसा. बोटी सांभाळता. आवस रोज तिका अगरबत्ती लावी."

"दर्यावरची?" गुरवाने नाक खाजवलं. "मगे ती आमच्या माऊलीची भैण."

त्याने हे असं सांगितलं, जसं कुणी सांगावं की करी रोडनंतर परळ येतं. आमच्याकडे देवी सात बहिणी असतात, गावोगाव वाटून राहतात, हे खरंच. पण त्यांच्यातली एक चीनला दिलीय हे मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

"पंखो चालू रवांदे," गुरव म्हणाला. "कोणी नंतर काय बोलूक नको."

नव्या पाकळ्या लावल्या. "बा देवी माऊली म्हाराजा! दर्यापलीकडे तुझी भैण आसा, तिच्या गावचो..." आणि तो ते नाव म्हणाला. अगदी बरोबर, शेवट वर नेऊन. "...तो हंय इलो, ह्या लोकांचे दात बसवल्यान, आणि हंयच मातीत गेलो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कारभाऱ्याचा आवाज सगळ्यांत मोठा. दातासकट.

"तेची लेक, म्हणजे तुझी भाची, मावशीच्या घराक इली आसा. जशी आसा तशी इली आसा. तिची ओटी घेतंस काय? घेतंस तर उजवो कौल दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पंखा करकरत होता. दोन्ही पाकळ्या चिकटलेल्या. डावी थरथरली, केव्हातरी मागे माझ्याजवळ येऊन उभ्या राहिलेल्या आईने माझा दंड धरला, नखं रुतली. डावी पुन्हा चिकटली. बाय सूप घेऊन उभी, डोळे उघडे. बाकी सगळ्यांचे मिटलेले, आणि मी एका डोळ्याने बघत होते, दोन्हींनी बघायची हिंमत नव्हती.

उजवी सुटली. नारळाच्या शेंडीवरून घसरत, मध्ये अडकत, पाटावर आली.

कुणीच काही बोललं नाही. कौल मिळाला की ओरडायचं असतं, पण सगळे इतके गार पडले होते की सगळ्यांना विसर पडला. आणि त्या शांततेत एक आवाज आला, किनरा, फाटका, एकटाच:

"व्हय म्हाराजा!"

माझा होता. माझ्या तोंडातून निघाला, मला न विचारता. सगळी खोली वळून माझ्याकडे बघायला लागली. रुमाल, पर्स आणि मी.

बायनेही वळून पाहिलं. गाल ओले, सूप तसंच हातात.

"अगो!" ती म्हणाली. "तुका मालवणी येता?"